प्रिय सिनेटर

वाचकहो, एरवी या सदराला दीड पान मिळते आणि त्यातलेही पाव पान केशतेलाच्या जाहिरातीने गिळलेले असते. दिवाळी आली की संपादकांचा हात सैल सुटतो. म्हणून यंदा म्हटले, माणूसही तसाच ऐसपैस निवडावा. मी निवडलेला गृहस्थ १०० वर्षे ६ महिने जगला; त्यातली ४७ वर्षांहून अधिक तो अमेरिकेच्या सिनेटमध्ये होता; आणि एकदा तर त्या सभागृहात उभा राहून तो २४ तास १८ मिनिटे बोलत राहिला. आमच्या स्टाफरूममध्येही दांडगे वक्ते आहेत, पण त्यांना निदान तासाच्या घंटेचे भय असते.

या गृहस्थाचे नाव स्ट्रॉम थर्मंड. साउथ कॅरोलिना या दक्षिणेकडच्या राज्याचा तो आधी गव्हर्नर आणि मग सिनेटर. गव्हर्नर म्हणजे आपल्याकडचे राज्यपाल समजू नका. तिकडचा गव्हर्नर लोकांनी मते देऊन निवडलेला असतो. अधिकाराच्या दृष्टीने आपला मुख्यमंत्रीच म्हणा ना! आणि सिनेट म्हणजे त्यांच्या संसदेचे वरचे सभागृह. राज्य लहान असो वा मोठे, प्रत्येकाचे दोन सभासद आणि सहा वर्षांची मुदत. थर्मंड बोलला पुष्कळ. परंतु आज त्याची आठवण निघते ती बऱ्याच अंशी त्याने कधीच न बोललेल्या एका गोष्टीमुळे.

तो १९०२ च्या डिसेंबरात एजफील्ड नावाच्या गावी जन्मला. गाव लहान, पण भलते तिखट. या परिसराने राज्याला दहा गव्हर्नर दिले, असे तिथले लोक अभिमानाने सांगतात. १८५६ साली गुलामगिरीविरुद्ध भाषण केले म्हणून एका उत्तरेकडच्या सिनेटरला भर सभागृहात काठीने बेशुद्ध पडेपर्यंत मारणारा प्रेस्टन ब्रुक्स हा इथलाच. काळ्या लोकांचा मताधिकार हिरावून घेणारी १८९५ ची राज्यघटना जिने आणली त्या चळवळीचा म्होरक्या बेन टिलमन, तोही इथलाच; तोही आधी गव्हर्नर आणि नंतर सिनेटर. थर्मंडचे वडील या टिलमनचे स्नेही. म्हणजे बाळकडू काय मिळाले असेल ते सांगायला नको.

इथे मराठीच्या मास्तराला एक गोष्ट आठवल्यावाचून राहत नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले, कारण त्यांनी आपल्या देशातल्या गुलामांना दास्यातून मुक्त केले होते. पुण्यात ही अर्पणपत्रिका छापली जात होती त्या वेळी साउथ कॅरोलिनाच्या विधानसभेत खरोखरच कृष्णवर्णीय सभासदांचे बहुमत होते. जोतीरावांचा आनंद अस्थानी नव्हता. पण पुढच्या चारच वर्षांत, १८७७ साली, केंद्राचे सैन्य दक्षिणेतून मागे घेतले गेले आणि जुने मालक पुन्हा गादीवर बसले. मग एकेक करून सारे आले: वेगळ्या शाळा, आगगाडीचे वेगळे डबे, पाण्याचे वेगळे नळ. आपल्या वाचकांना वेगळा पाणवठा म्हणजे काय ते समजावून सांगण्याची गरज नाही. गोऱ्या-काळ्यांच्या विवाहाला राज्यघटनेनेच बंदी होती, आणि हे कलम साउथ कॅरोलिनाच्या मतदारांनी काढून टाकले ते केव्हा, तर १९९८ साली!

आता मूळ गोष्ट. ती शेवटपर्यंत झाकून ठेवण्यात मला स्वारस्य नाही.

१९२५ साली थर्मंड २२ वर्षांचा होता. शाळेत शिकवीत असे. म्हणजे आमच्याच व्यवसायातला. राहायला आईवडिलांच्या घरी. त्या घरात कॅरी बटलर नावाची एक कृष्णवर्णीय मुलगी कामाला होती. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात कॅरीला मुलगी झाली, तेव्हा कॅरीचे वय १६. मूल थर्मंडचे होते. या दोघांमध्ये प्रेम होते की काय होते, यावर पुढे अमेरिकेत पुष्कळ शाई खर्ची पडली. माझ्या मते प्रश्न तिथे सुरूच होत नाही. तो मालकाचा मुलगा, ती सोळा वर्षांची मोलकरीण, आणि राज्य असे की जिथे त्याच्याविरुद्ध तिचा शब्द कुणी ऐकून घेतला नसता. अशा घरात ‘संमती’ हा शब्द वापरण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा.

मुलीचे नाव एसी मे. सहा महिन्यांची असताना तिला उत्तरेला, पेन्सिल्व्हेनियातल्या कोट्सव्हिल गावी, मावशीकडे पाठवण्यात आले. मावशीलाच ती आई समजत होती. खरी आई कोण ते तिला कळले तेराव्या वर्षाच्या सुमारास. आणि वडील? १९४१ साली, ती सोळा वर्षांची असताना, आईने तिला एजफील्डला नेले. एका वकिलाच्या कचेरीत शिरल्या दोघी. समोर कोट घातलेला एक गोरा गृहस्थ. हेच तुझे वडील, असे आईने सांगितले. आपले वडील गोरे आहेत हे त्या मुलीला त्या घटकेपर्यंत ठाऊक नव्हते.

एव्हाना थर्मंड न्यायाधीश झाला होता. पुढे महायुद्धात त्याने जे केले ते मान्य करावे लागेल. न्यायाधीश म्हणून त्याला लष्करी सेवेतून सूट होती. ती न घेता तो गेला आणि ६ जून १९४४ रोजी, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, बिनइंजिनाच्या ग्लायडरमधून नॉर्मंडीत उतरला. भित्रा माणूस तो नव्हता. हे लक्षात ठेवले पाहिजे, कारण पुढे जे त्याने केले नाही ते भीतीने केले नाही असे म्हणून त्याची सुटका होत नाही.

युद्धावरून परतला तो वीर म्हणून, आणि १९४७ च्या जानेवारीत गव्हर्नर झाला. राज्यात त्याची गणना सुधारक मंडळींत होई. महिन्याभरातच कसोटी आली. ग्रीनव्हिलजवळ विली अर्ल नावाच्या २४ वर्षांच्या काळ्या तरुणावर एका टॅक्सीवाल्याला भोसकल्याचा आरोप होता. टॅक्सीवाल्यांच्या जमावाने त्याला तुरुंगातून ओढून नेऊन ठार केले. असल्या खुनांचा तपास तिकडे होतच नसे. थर्मंडने तो करायला लावला. ३१ जणांवर आरोप ठेवले गेले. बहुतेकांनी कबुलीजबाबही दिले होते. बारा गोऱ्या पंचांच्या ज्युरीने सगळ्यांना सोडून दिले, ही गोष्ट निराळी. पण गव्हर्नराने पाऊल उचलले होते आणि उत्तरेकडच्या वर्तमानपत्रांनी त्याची पाठ थोपटली होती.

आणि आता गंमत पाहा. वर्षभरात, १९४८ च्या फेब्रुवारीत, राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी संसदेपुढे एक कार्यक्रम मांडला. जमावाने केलेल्या हत्यांविरुद्ध केंद्राचा कायदा हवा, मतदानासाठी कर भरण्याची अट नको, नोकरीत वर्णभेद नको. जुलैत डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनाने नागरी हक्कांचा ठराव केला. दक्षिणेतली मंडळी सभात्याग करून बाहेर पडली, बर्मिंगहॅमला जमली, आणि राष्ट्राध्यक्षपदासाठी त्यांनी उमेदवार उभा केला तो स्ट्रॉम थर्मंड! विली अर्लच्या मारेकऱ्यांना न्यायालयात खेचणारा गव्हर्नर आता तशा मारेकऱ्यांविरुद्धच्या केंद्रीय कायद्याला विरोध करायला निघाला होता. कारण विचाराल तर ‘राज्यांचे हक्क’. शब्द कसा भारदस्त आहे! भाषा शिकवणाऱ्यांनी असल्या शब्दांवर डोळा ठेवावा. शब्द जितका कोरा करकरीत, तितके त्याच्या आत काय गुंडाळले आहे ते उलगडून बघावे.

बर्मिंगहॅमच्या भाषणात त्याने बजावले की, देशातले सगळे सैन्य आणले तरी दक्षिणेतल्या लोकांना काळ्या माणसाला आपल्या नाटकगृहांत, पोहण्याच्या तलावांत, घरांत आणि चर्चमध्ये घ्यायला भाग पाडता येणार नाही.

घरांत!

त्या वेळी त्याची मुलगी कुठे होती? त्याच्याच राज्यात, ऑरेंजबर्गला, काळ्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या सरकारी महाविद्यालयात. फी त्यानेच भरली होती. गव्हर्नरसाहेबांची गाडी अधूनमधून त्या महाविद्यालयाच्या आवारात येई. प्राचार्यांच्या दालनात मुलीला बोलावले जाई. विचारपूस होई, पाकिटातून पैसे दिले जात. बाहेरच्या जगाच्या लेखी गव्हर्नर एका संस्थेला भेट देऊन गेले. आणखी एक तपशील सांगण्याजोगा आहे. गोऱ्यांच्या कायदा महाविद्यालयात काळ्या विद्यार्थ्याला प्रवेश द्यावा लागू नये म्हणून १९४७ साली, याच गव्हर्नराच्या अमदानीत, ऑरेंजबर्गला काळ्यांसाठी वेगळे कायदा महाविद्यालय उघडण्यात आले. त्याच महाविद्यालयातल्या ज्युलियस विल्यम्स या विद्यार्थ्याशी एसी मेने १९४८ साली लग्न केले. सासऱ्याच्या सरकारने जावयाला दूर ठेवण्यासाठी शाळा बांधून दिली म्हणायची! त्याच वर्षी कॅरी बटलर वारली. अजून चाळिशीही गाठली नव्हती तिने.

एसी मेने एकदा त्याला वर्णभेदाबद्दल विचारलेही. पहिल्यापासून हे असेच चालत आले आहे, अशा अर्थाचे उत्तर मिळाले.

निवडणुकीत थर्मंडने चार राज्ये जिंकली: साउथ कॅरोलिना, अलाबामा, मिसिसिपी आणि लुइझियाना. ३९ निर्वाचक मते पडली. ट्रूमन निवडून आलेच. पण दक्षिणेत डेमोक्रॅटिक पक्षाच्या गडाला जो तडा गेला तो कधी सांधला नाही.

यानंतरची चार-पाच वर्षे भरभर उलटू. १९५० साली सिनेटसाठी उभा राहिला, पडला. १९५४ च्या सप्टेंबरात राज्याचा एक सिनेटर निवडणुकीच्या तोंडावर वारला, आणि पक्षाच्या समितीने मतदारांना न विचारता आपला एक मुरब्बी माणूस उमेदवार म्हणून ठरवून टाकला. थर्मंडने आव्हान दिले. मतपत्रिकेवर त्याचे नाव छापलेले नव्हते. मतदाराने ते स्वतःच्या हाताने लिहायचे. असा उमेदवार सुमारे ६३ टक्के मते घेऊन निवडून यावा, ही चेष्टा नव्हे. आमच्या वर्गात ‘आशीर्वाद’ हा शब्द लिहायला लावून कुणी निवडणूक घेतली, तर अनामत रक्कम जप्त होण्याची हमी मी देतो.

त्याच १९५४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला होता. त्या निकालातल्या दाव्यांपैकी एक साउथ कॅरोलिनाच्या क्लॅरेंडन परगण्यातला होता. १९५६ साली दक्षिणेतल्या १९ सिनेटरांनी आणि त्यांच्या खालच्या सभागृहातल्या बांधवांनी या निकालाविरुद्ध एक जाहीरनामा काढला. त्याचा पहिला मसुदा थर्मंडचा.

मग आले ते प्रसिद्ध भाषण. १९५७ च्या ऑगस्टमध्ये काळ्या नागरिकांच्या मताधिकाराला संरक्षण देणारे एक विधेयक सिनेटपुढे होते. १८७५ नंतर, म्हणजे ८२ वर्षांत, नागरी हक्कांचा एकही कायदा झालेला नव्हता. सिनेटमध्ये बोलणाऱ्याला वेळेचे बंधन नसते. जोवर तो उभा आहे आणि बोलतो आहे तोवर त्याला खाली बसवता येत नाही. मग विषयाशी संबंध असो वा नसो. आपल्याकडे कीर्तनकारालासुद्धा मध्ये कुणीतरी बुवा, पाणी घ्या म्हणते. इथे तेही नाही. थर्मंडची तयारी मोठी शास्त्रशुद्ध होती. आदल्या वेळी वाफेचे स्नान करून त्याने अंगातले पाणी घालवले, म्हणजे मध्येच उठावे लागणार नाही! खिशात घशाच्या गोळ्या आणि माल्टच्या वड्या. बाजूच्या खोलीत एक साहाय्यक बादली घेऊन उभा, अगदीच वेळ आली तर एक पाय सभागृहात ठेवून सोय व्हावी म्हणून. २८ तारखेच्या रात्री नऊच्या सुमारास तो उभा राहिला. देशातल्या त्या वेळच्या ४८ राज्यांचे निवडणूक कायदे त्याने एकामागून एक वाचले. मग स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला, ज्यात सर्व माणसे समान जन्मली आहेत असे लिहिले आहे. मग जॉर्ज वॉशिंग्टनचे निरोपाचे भाषण. बायको रात्री वरच्या सज्जात बसून होती. दुसऱ्या दिवशी रात्री तो खाली बसला तेव्हा २४ तास १८ मिनिटे झाली होती.

उपयोग? काही नाही. विधेयक त्यानंतर थोड्याच वेळात ६० विरुद्ध १५ मतांनी मंजूर झाले. त्याच्या दक्षिणी दोस्तांनाही हा प्रकार रुचला नाही, कारण आत वाटाघाटी करून त्यांनी विधेयकाचे दात आधीच काढून टाकले होते. आता मतदार त्यांना विचारणार, तुम्ही का नाही उभे राहिलात?

हा विक्रम मात्र पुढे सदुसष्ट वर्षे टिकला. २०२५ च्या ३१ मार्चला न्यू जर्सीचे सिनेटर कोरी बुकर उभे राहिले आणि १ एप्रिलला २५ तास ५ मिनिटांनी खाली बसले. बुकर कृष्णवर्णीय आहेत. हा विक्रम थर्मंडच्या नावावर असावा हे आपल्याला खुपत होते, असे त्यांनी सांगितले.

१९६४ हे वर्ष थर्मंडच्या आयुष्यात फार गर्दीचे. जुलैत मोठा नागरी हक्क कायदा झाला. त्याच महिन्यात एका समितीच्या दाराबाहेर टेक्ससचे सिनेटर यारबरो यांच्याशी त्याची चक्क कुस्ती झाली. गणसंख्या भरू नये म्हणून थर्मंड बाहेर उभा. यारबरो त्याला आत ओढू पाहतात. थर्मंडने त्यांना चीत करून जमिनीला टेकवून ठेवले. दोघांचेही वय ६१! सप्टेंबरात त्याने डेमोक्रॅटिक पक्ष सोडला आणि रिपब्लिकन पक्षात गेला. दक्षिणेतली गोरी मते पुढच्या काळात हळूहळू ज्या वाटेने गेली त्या वाटेवरचा हा पहिल्या काही वाटसरूंपैकी एक. १९६८ साली निक्सनसाठी दक्षिण राखण्यात त्याचा मोठा हात होता. पहिली पत्नी १९६० साली वारली होती. १९६८ च्या डिसेंबरात, ६६ व्या वर्षी, त्याने २२ वर्षांच्या एका सौंदर्यस्पर्धा-विजेतीशी लग्न केले आणि त्याला चार मुले झाली. छायाचित्रे सगळीकडे छापून आली: उतारवयातला पिता, कडेवर तान्हे मूल.

त्याच १९६४ साली एसी मेचा नवरा, तो वकील ज्युलियस विल्यम्स, वारला. पदरी चार मुले. ती लॉस एंजेलिसला गेली, राहिलेली पदवी पुरी केली, आणि १९९७ साली निवृत्त होईपर्यंत शाळेत शिकवीत राहिली. पाकिटे येत राहिली. ती अधूनमधून वॉशिंग्टनला त्याच्या कचेरीत जाई. वर्तमानपत्रांचे बातमीदार कुणकुण लागून तिच्या दाराशी गेले, तेव्हा आमच्या कुटुंबाचे जुने स्नेही आहेत ते, एवढेच तिने सांगितले.

हा मजकूर जुळवत असताना मी घरात थोडेसे वाचून दाखवले. आमच्या सौ. चकलीची भाजणी चाळत होत्या. चाळणी न थांबवता त्यांनी विचारले, “त्याचं कळलं. पण ती का गप्प बसली?”

प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. पैशासाठी म्हणावे, तर ती स्वतः कमावती होती आणि शेवटीही तिने इस्टेटीत वाटा मागितला नाही. भीतीने म्हणावे, तर तो दूर आणि ती कॅलिफोर्नियात. तिने स्वतः दिलेले कारण असे की, गप्प राहण्याचा करार कधी झालाच नव्हता. त्याच्या कारकिर्दीला धक्का लागू नये असे आपल्यालाच वाटे, आणि तो जिवंत असेपर्यंत बोलायचे नाही हे आपणच ठरवले होते. मी हे सांगितल्यावर सौ. म्हणाल्या, “म्हणजे आईने त्याचं घर झाडलं आणि मुलीने त्याचं नाव.” आणि पुन्हा चाळू लागल्या. मला हे उत्तर पूर्ण पटत नाही. थोडे तरी प्रेम असावे असे मला वाटते. आणि ते होते म्हणूनच सगळे अधिक जाचक आहे. नुसत्या दुष्ट माणसाचे गुपित कुणी बासष्ट वर्षे जपत नाही.

मुलांना विभक्ती शिकवताना सगळ्यात शेवटची जी आठवी, संबोधन, ती आम्ही घाईने उरकतो. परीक्षेला तिच्यावर फारसे विचारत नाहीत. पण विचार करा, पुढारी माणसाला सगळ्यात जास्त लागते ती हीच. बंधूंनो, भगिनींनो, मतदारांनो! थर्मंडने सत्तर वर्षे ही विभक्ती मनसोक्त चालवली. एका मुलीला मात्र चारचौघांत त्याला हाक मारण्यासाठी एक शब्द मिळाला नाही. आपल्याकडे बाबा, अण्णा, तात्या, नाना, अप्पा, किती हाका! तिने २००५ साली आत्मकथन प्रसिद्ध केले तेव्हा त्याला नाव दिले ‘डियर सिनेटर’. प्रिय सिनेटर. त्यातला ‘प्रिय’ खरा, आणि ‘सिनेटर’ही खराच.

शेवटच्या तीस वर्षांत थर्मंड बदलला का? १९६५ च्या कायद्याने साउथ कॅरोलिनातले काळे नागरिक मतदार झाले आणि या गृहस्थाला गणित चांगले येत होते. १९७१ साली त्याने आपल्या कचेरीत एक कृष्णवर्णीय साहाय्यक नेमला. १९८२ साली मताधिकार कायद्याच्या मुदतवाढीला आणि १९८३ साली मार्टिन लूथर किंग यांच्या जयंतीच्या सुटीला त्याने पाठिंबा दिला. मतदारांची कामे तर इतकी तत्परतेने करी की, विरोधकसुद्धा त्याच्याकडे अर्ज पाठवीत. कुणी याला हृदयपरिवर्तन म्हणतात. मी म्हणणार नाही. ज्याला चूक उमगली तो ती कधीतरी आपल्या तोंडाने म्हणतो. १९४८ बद्दल त्याने जाहीर माफी कधी मागितली नाही. ज्या माणसाला रात्रभर निवडणूक कायदे वाचून दाखवता आले त्याला एक वाक्य बोलायला सवड झाली नाही. मते मात्र त्याने दिली, आणि मत मोजले जाते, त्यामागचा हेतू मोजला जात नाही, हेही तितकेच खरे.

२००२ च्या डिसेंबरात त्याचा शंभरावा वाढदिवस झाला. समारंभात त्याच्या पक्षाचे सिनेटमधले नेते ट्रेंट लॉट बोलण्याच्या भरात म्हणून गेले की, १९४८ साली सगळ्या देशाने आमच्या राज्याप्रमाणे याला मत दिले असते तर पुढच्या कटकटी टळल्या असत्या. एवढ्या एका वाक्यापायी लॉट यांना नेतेपद सोडावे लागले. थर्मंड जानेवारीत सिनेटमधून निवृत्त झाला आणि २६ जून २००३ रोजी एजफील्डलाच वारला.

डिसेंबरात थर्मंड कुटुंबाने मान्य केले की, एसी मे बाईंचे म्हणणे खरे आहे. १७ तारखेला कोलंबिया इथे, म्हणजे साउथ कॅरोलिनाच्या राजधानीत, बाबासाहेब शिकले ते विद्यापीठ नव्हे, ७८ वर्षांच्या एसी मे वॉशिंग्टन-विल्यम्स वार्ताहरांपुढे आल्या. आपण आता पूर्ण मोकळ्या झालो, असे त्या म्हणाल्या. कडवट शब्द एकही नाही. थोड्या दिवसांनी त्यांनी आणखी एक गोष्ट जाहीर केली, ती वाचून मी दोन मिनिटे पुस्तक मिटून बसलो. गुलामगिरी टिकावी म्हणून यादवी युद्धात लढलेल्या दक्षिणी सैनिकांच्या वंशज स्त्रियांची एक संघटना आहे. आपले पूर्वजही त्यांत होते, तेव्हा आपण तिच्या सभासदत्वासाठी अर्ज करणार आहोत, असे बाईंनी सांगितले. वारसा मागायचा तर सगळाच मागायचा! संघटनेच्या बायकांच्या चेहऱ्याची कल्पना मी वाचकांवर सोपवतो.

२०१३ च्या फेब्रुवारीत, ८७ व्या वर्षी, बाई वारल्या, त्याही कोलंबियातच. त्या गावी विधानभवनाच्या आवारात थर्मंडचा पुतळा आहे, लांब ढांगा टाकत निघालेला. १९९९ साली तो उभारला तेव्हा चौथऱ्यावर त्याच्या पदव्यांबरोबर तो चार मुलांचा पिता असल्याचेही कोरले होते, आणि खाली चौघांची नावे. २००४ साली विधिमंडळाच्या संमतीने पाथरवट आणला गेला. त्याने चौघांच्या खाली एसी मे हे नाव कोरले आणि वरच्या ओळीतल्या ‘चार’चे ‘पाच’ केले. वयाने ती सगळ्यांत थोरली. यादीत शेवटची आहे. जागा तिथेच उरली होती.